घराण्याची हाडे: वारसा किती आणि परिस्थिती किती, हे घरच्या घरी कसे ताडून पाहावे

न्हाणीघरात पाय घसरून आईच्या खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, ती काठीच्या आधाराने चालू लागते, आणि मग घरातल्या मुलींच्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसतो: हे आपल्यापर्यंतही येणार का? माझ्या मावशीचे हाड मोडले तेव्हा आमच्या घरात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. एकांच्या मते हाडे घराण्यातून येतात आणि त्यात आपल्या हाती काही नसते. दुसऱ्यांच्या मते मावशीने वेळेवर दूध प्यायले असते तर काहीच झाले नसते. दोन्ही उत्तरे अर्धी आहेत आणि दोन्हींमुळे माणूस चुकीच्या वेळी स्वस्थ बसतो. पुढे जे लिहिले आहे ते ही दोन अर्धी उत्तरे एकत्र जोडण्याची पद्धत आहे. त्यासाठी एक वही, वडीलधाऱ्यांशी दोन-तीन संध्याकाळी निवांत बोलणे आणि गरज पडल्यास एक तपासणी, एवढेच लागते.

आधी एक आकडा नीट समजून घ्यावा

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून गेल्या ५० वर्षांत पुन्हा पुन्हा असे दिसले आहे की माणसामाणसांतील अस्थिघनतेच्या फरकापैकी साधारण ६० ते ८० टक्के फरक आनुवंशिकतेने समजावता येतो. हा आकडा ऐकून बहुतेकांचा समज होतो की आपल्या हाडांचा पाऊण भाग जन्मतःच ठरलेला आहे आणि उरलेल्या पाव भागासाठी धडपड करण्यात अर्थ नाही. आकड्याचा अर्थ तो नाही. एका शेतात ज्वारीची मिश्र बियाणी पेरली आणि साऱ्या शेताला सारखेच, पण अपुरे पाणी मिळाले, तर त्या शेतातल्या ताटांच्या उंचीतला फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा असेल. तरीही संपूर्ण शेत खुरटलेले असेल आणि एक पाणी जास्त मिळाले असते तर प्रत्येक ताट उंच झाले असते. टक्केवारी फरकाबद्दल बोलते, एकूण पिकाबद्दल बोलत नाही. भारतात सरासरी माणसाच्या आहारात रोज कॅल्शियम जेमतेम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि गरज १,००० मिलिग्रॅमची आहे, हे लक्षात घेतले तर ही उपमा आपल्याला किती लागू पडते ते कळेल.

हाच मुद्दा पुण्याजवळच्या सहा गावांतून फार सुंदर रीतीने पुढे आला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९० च्या दशकात तेथील स्त्रियांचा गरोदरपणातला आहार बारकाईने नोंदवला आणि त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर मुलांची, आईची आणि वडिलांचीही अस्थिघनता मोजली. मुलांची हाडे आईवडिलांच्या हाडांशी जुळत होती, म्हणजे वारसा होताच. त्यात वडिलांशी असलेला संबंध आईशी असलेल्या संबंधाइतकाच बळकट होता. पण त्याच मुलांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मातांनी गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे यांसारखे कॅल्शियम देणारे पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव होती, आणि ज्या मातांच्या रक्तात फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) अधिक होते त्यांच्या मुलांचीही तशीच. एकाच गावात, एकाच मुलाच्या हाडांत, वारसा आणि आईचे ताट या दोन्हींचा ठसा सापडला. या अभ्यासातून मी दोन गोष्टी घेतल्या, आणि पुढची सारी पद्धत त्यांवरच उभी आहे: वडिलांच्या बाजूकडे दुर्लक्ष करू नये, आणि परिस्थितीचा हिशेब जन्माच्याही आधीपासून मांडावा.

हाडांची वंशावळ

वहीच्या मधोमध स्वतःचे नाव लिहून वर आईवडील, त्यांच्यावर चारही आजीआजोबा आणि बाजूला काका, आत्या, मामा, मावश्या यांची नावे लिहावीत. अस्थिविरळतेला, म्हणजे हाडे विरळ होऊन सहज मोडण्याच्या आजाराला (ऑस्टिओपोरोसिस), आपल्याकडे बायकांचा आजार समजतात, म्हणून चौकशी आईच्या माहेरापुरती होते आणि आजोबांचे वाकलेले पाठीचे हाड ‘म्हातारपण’ म्हणून सोडून दिले जाते. आजोबांचीही तितकीच काळजीपूर्वक नोंद करावी.

प्रत्येक नावापुढे विचारण्याचा मुख्य प्रश्न हा की हाड कधी मोडले आणि कसे मोडले. दुचाकीवरून पडून किंवा माडावरून पडून मोडलेले हाड या वहीत महत्त्वाचे नाही. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून, म्हणजे घरात चालताना अडखळून, खुर्चीवरून उठताना तोल जाऊन, पन्नाशीनंतर खुबा, मनगट, दंड किंवा मणका मोडला असेल तर ती नोंद ठळक करावी, कारण निरोगी हाड एवढ्या धक्क्याने मोडत नाही. मणक्याचे मोडणे बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही. बादली उचलताना पाठीत कळ आली आणि पंधरा दिवस अंथरुणात काढले, एवढेच आठवते. त्यासाठी उंचीबद्दल विचारावे. पूर्वी जी साडी किंवा जे धोतर नीट बसत असे ते आता जमिनीला लागते का, जुन्या छायाचित्रात आजोबांच्या खांद्याला लागणारी आजी आता किती खाली आली, पाठीला कुबड आले का, अशा प्रश्नांची उत्तरे लोक लगेच देतात. तरुणपणाच्या तुलनेत चार सेंटिमीटरहून अधिक उंची कमी झाली असेल तर मणके दबले असण्याची शंका घ्यावी.

स्त्रियांच्या नावापुढे पाळी कोणत्या वयात गेली आणि गर्भाशय काढले असल्यास अंडाशयेही काढली का, हे लिहावे. पाळी जाण्याचे वयही बऱ्याच अंशी घराण्यातून येते, त्यामुळे आनुवंशिकता हाडांवर थेट जशी काम करते तशी या आडवाटेनेही करते. पाळी गेल्यानंतरच्या पाच ते सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते, काही स्त्रियांत ती २० टक्क्यांपर्यंत जाते, आणि म्हणून ४२ व्या वर्षी पाळी गेलेल्या स्त्रीची हाडे ५२ व्या वर्षी पाळी गेलेल्या बहिणीपेक्षा दहा वर्षे आधी या उतारावर येतात.

माहेरची जनुके, सासरचे स्वयंपाकघर

वंशावळ झाली की त्यात दिसलेली प्रत्येक गोष्ट वारशाची आहे असे मानण्याचा मोह होतो. कुटुंबे मात्र जनुकांबरोबर चूलही वाटून घेतात, मशेरीची डबी वाटून घेतात आणि उन्हात जाण्या-न जाण्याच्या सवयीही वाटून घेतात. संशोधक हा गुंता सोडवण्यासाठी एकरूप आणि भिन्नरूप जुळ्यांची तुलना करतात. आपल्याकडे तशी जुळी नसतात, पण लग्नाच्या पद्धतीने एक कामचलाऊ प्रयोग घरोघरी घडवून ठेवलेला आहे. सख्ख्या बहिणी एकाच घरात वाढतात आणि मग वेगवेगळ्या घरी जातात. नवरा-बायकोची जनुके वेगळी असतात आणि ताट एकच असते.

म्हणून वहीत दोन तुलना कराव्यात, बहिणी-बहिणींची आणि नवरा-बायकोची. बहिणींपैकी एक कोकणात मासळी खाऊन, चढउतारावर वावरून राहिली, दुसरी शहरात दिवसभर बसून काम करणारी, तिसरी शेतात राबणारी, आणि तरीही तिघींनाही साठीच्या आतबाहेर मनगट किंवा खुबा मोडला असेल, तर वारशाचे पारडे जड आहे असे समजावे. उलट, तिघींपैकी एकीचेच हाड मोडले आणि तिच्या नवऱ्याच्या पाठीलाही कुबड आले असेल, तर त्या घरातल्या ताटाकडे, पाण्याकडे आणि तंबाखूकडे आधी पाहावे. एवढ्या थोड्या माणसांवरून सिद्ध काहीच होत नाही. पण पुढची चौकशी कोठून सुरू करावी ते कळते, आणि या वहीकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

परिस्थितीचा हिशेब

या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बदलता येणाऱ्या गोष्टी येथेच आहेत.

सुरुवात कॅल्शियमपासून करावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १,००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या आणि स्तनदा स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. तीन साधे दिवस निवडून खाल्लेले सारे लिहून काढावे. सणाचा किंवा उपवासाचा दिवस धरू नये. एक पेला दूध साधारण २४० मिलिग्रॅम देते, एक वाटी दही दोनशेच्या जवळपास, आणि ५० ग्रॅम पिठाची नाचणीची एक भाकरी १७० ते १८०. चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम, तीळ शंभराहून जास्त देतात. राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, अळीव आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट किंवा मांदेली हे आपले जुने आणि भरवशाचे साठे आहेत. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण ऑक्झलेटमुळे त्यातले फार थोडे अंगी लागते, म्हणून ते हिशेबात धरू नये. दूध पचत नाही म्हणून जी माणसे दुग्धजन्य पदार्थ सोडून देतात त्यांपैकी अनेकांना दही आणि ताक चालते. दूध न पचणे हेही जनुकांतून येते, आणि ज्यावर ताकासारखा सोपा उपाय आहे असा हा वारसा आहे.

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत भरपूर ऊन असलेल्या प्रदेशातही आपण कमी पडतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. ते तयार होण्यासाठी लागणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फारसे नसतात आणि खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळचे ऊन उपयोगाचे, हा सोपा नियम ध्यानात ठेवावा. गडद त्वचेला त्यासाठी अधिक वेळ लागतो. रक्तात कमतरता आढळली तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती देतात. ती पुडी दुकानातून आणून वर्षभर घेत राहणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यातून रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हाडांवर पडणारा भार हा हिशेबातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा रकाना आहे. व्यावसायिक टेनिसपटूंच्या १९७७ च्या एका अभ्यासात रॅकेट धरणाऱ्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत ३५ टक्के आणि स्त्रियांत २८ टक्के जाड आढळली. दोन्ही हातांत जनुके तीच, रक्त तेच, आहारही तोच. फरक फक्त फटक्यांचा. याच्या उलट, वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. हाडाच्या आत गाडलेल्या पेशी भार ओळखतात आणि भार पडला की स्क्लेरोस्टिन नावाचे, हाड बांधण्याला लगाम घालणारे प्रथिन कमी तयार करतात. हे प्रथिन बनवणारे जनुकच बिघडलेली काही कुटुंबे दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या लोकांत आहेत. त्यांच्यात लगामच नसल्यामुळे हाडे इतकी वाढतात की कवटीतील नसा दाबल्या जाऊन बहिरेपण येते. त्यांचे जनुक २००१ मध्ये सापडले आणि त्यावरून या प्रथिनाला अडवणारे रोमोसोझुमॅब हे औषध तयार झाले, ज्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. दोरीवरच्या उड्या हाच लगाम थोडा सैल करतात. वारसा आणि परिस्थिती शरीरात वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

वहीत म्हणून ‘व्यायाम करते’ एवढेच न लिहिता कोणता, ते लिहावे. पोहणे आणि सायकल हृदयाला उत्तम आहेत, पण हाडांवर धक्का देत नाहीत. रोजच्या चालण्याने झीज थोडी आवरते, हाड वाढत मात्र नाही. उड्या, जिने, झिम्मा-फुगडी, लंगडी, मल्लखांब आणि वजन उचलणे हे हाडांचे खरे खाद्य आहे.

तंबाखूचा प्रश्न विचारताना शब्द जपून निवडावेत. दवाखान्यातल्या अर्जावर ‘धूम्रपान करता का’ असे छापलेले असते, त्यावर आजी ‘नाही’ म्हणते आणि ते खरेही असते. पण ४० वर्षे ती सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असते आणि ते कोणी विचारलेलेच नसते. धूम्रपानाने अस्थिघनता कमी होते हे पक्के ठाऊक आहे. मशेरी आणि जर्दा यांतही तंबाखूच आहे, म्हणून त्यांची वेगळी नोंद करून ती डॉक्टरांसमोर ठेवावी.

औषधांत तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या सर्वांत वाईट. दमा, सांधेदुखी किंवा त्वचारोगासाठी अनोळखी पुड्या घेणाऱ्यांच्या पोटात त्या नकळत जातात. फिट्सची जुनी औषधे, थायरॉइडच्या गोळीची गरजेपेक्षा जास्त मात्रा आणि स्तनाच्या कर्करोगानंतर दिली जाणारी, इस्ट्रोजेन हे हाडे जपणारे स्त्रीसंप्रेरक कमी करणारी औषधे यांचीही नोंद हवी; कोणतेही औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल येथे थांबून लिहिले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये तरुण वयात या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. त्या चर्चेत हाडांचा विषय फारच मागे राहिला याचे मला मनापासून दुःख आहे. तिशी-पस्तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर त्या दिवसापासूनच इस्ट्रोजेन नाहीसे होते, आणि हाडांची जी वेगवान झीज पन्नाशीत सुरू व्हायची ती डोक्यावर मोळी वाहण्याच्या वयात सुरू होते. अशा स्त्रीच्या मुलीने पुढे आईचे वाकलेले हाड पाहून त्याला घराण्याचा दोष समजू नये. तो वारसा नाही, तिच्या आईवर झालेल्या शस्त्रक्रियेचा परिणाम आहे.

शेवटचा रकाना पाण्याचा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. बरीच वर्षे जास्त फ्लोराइड पोटात गेले की हाडे यंत्रावर दाट दिसतात, पण ताठर आणि कमकुवत होतात. अशा गावात वाढलेल्या माणसाने चांगल्या आकड्यावर विसंबू नये आणि पूर्वी कोणत्या गावचे पाणी प्यायले ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तपासणी केव्हा करावी आणि कागद कसा वाचावा

सर्वसाधारणपणे स्त्रियांनी ६५ आणि पुरुषांनी ७० व्या वर्षी डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी अस्थिघनता मोजणारी तपासणी, करावी असे मानले जाते. आईवडिलांपैकी कोणाचाही खुबा मोडला असेल, पाळी ४५ च्या आत गेली असेल, किंवा वर सांगितलेल्यांपैकी एखादी ठळक नोंद वहीत असेल, तर पाळी गेल्यावर लवकरच ती करून घ्यावी. सोसायटीच्या सभागृहात भरणाऱ्या मोफत शिबिरात टाचेवर लावले जाणारे ध्वनिलहरींचे यंत्र वेगळे असते. त्याच्या आकड्यावरून अस्थिविरळतेचे निदान करता येत नाही. शिबिरात आकडा वाईट आला तर घाबरून गोळ्या सुरू करू नयेत, खुबा आणि कण्याची डेक्सा करावी.

अहवालात दोन गुण असतात आणि त्यांचा घोटाळा नेहमी होतो. टी-स्कोअर निरोगी तरुण प्रौढांशी तुलना करतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येनुसार उणे १ पर्यंत सामान्य, उणे १ ते उणे २.५ दरम्यान घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली अस्थिविरळता. झेड-स्कोअर आपल्याच वयाच्या माणसांशी तुलना करतो, आणि पाळी न गेलेल्या स्त्रिया व पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी तोच पाहायचा असतो. आपल्या कामाला झेड-स्कोअर फार उपयोगी आहे. टी-स्कोअर खाली आणि झेड-स्कोअर शून्याच्या आसपास असेल तर वयाने जे व्हायचे तेच झाले आहे. झेड-स्कोअरच उणे २ किंवा त्याखाली असेल तर वयाव्यतिरिक्त दुसरे काहीतरी घडते आहे आणि ते शोधावे लागेल.

तो शोध ‘आनुवंशिक आहे’ या शब्दांनी लवकर थांबवला जातो, हे मला खटकते. त्याआधी रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड संप्रेरक, थायरॉइड, क्रिएटिनिन आणि गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या आजाराची चाचणी यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडे मऊ होतात तेव्हाही डेक्साचा आकडा खाली येतो आणि अहवालावर ती अस्थिविरळताच भासते. पण तिचा उपचार वेगळा आहे आणि हाडे बरीचशी पूर्ववत होतात. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असणे ही तिची एक खूण.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. ते हाडाचे घनफळ मोजत नाही, सावलीचे क्षेत्रफळ मोजते, म्हणून लहान चणीच्या माणसाची घनता आहे त्यापेक्षा थोडी कमी दिसते. साठीनंतर कण्याच्या सांध्यांची झीज झाल्याने तेथील आकडा फसवा चढलेला असू शकतो, त्यामुळे वयस्कांत खुब्यावर अधिक भरवसा ठेवावा. तुलना कोणत्या लोकसंख्येशी केली आहे ते अहवालावर पाहून घ्यावे. पुढची तपासणी त्याच यंत्रावर, बहुधा एक-दोन वर्षांनी करावी, आणि एक-दोन टक्क्यांच्या चढउताराने हर्ष किंवा खेद मानू नये. तपासणीच्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नये.

वही आणि डेक्सा हाती असली की इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात तयार झालेली फ्रॅक्स ही गणना करता येते. वय, वजन, उंची, पूर्वीची मोडतोड, आईवडिलांचा खुबा, धूम्रपान, स्टेरॉइड आणि मद्य यांवरून ती पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता सांगते, आणि तिची भारतासाठीची आवृत्ती आहे. वारसा आणि परिस्थिती एकाच सूत्रात मांडणारे हे साधन डॉक्टरांसोबत बसून वापरावे.

जनुकांची चाचणी कोणी करावी

लाळेचा नमुना पाठवून ‘हाडांचा जनुकीय अहवाल’ मागवण्याची जाहिरात पाहून बऱ्याच जणांना ती करावीशी वाटते. १९९४ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीचे (पेशीत ते जीवनसत्त्व स्वीकारणाऱ्या प्रथिनाचे) एकच जनुक अस्थिघनतेतील वारशाचा मोठा वाटा उचलते असे ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगभर खळबळ उडाली; १९९७ मध्ये त्यांनीच काही नमुन्यांची जनुकीय नोंद चुकल्याचे सांगून ती मांडणी दुरुस्त केली आणि परिणाम बराच लहान असल्याचे मान्य केले. पुढे ब्रिटनमधील सव्वाचार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात जनुकसंचातील ५१८ ठिकाणे अस्थिघनतेशी जोडलेली सापडली, आणि ती सारी मिळूनही फरकाचा सुमारे पाचवा हिस्साच समजावतात. ते लोकही मुख्यतः युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे निरोगी माणसाने अशा अहवालावर पैसे खर्च करण्यापेक्षा तेच डेक्सावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही घरांत मात्र चाचणी खरोखर हवी. लहानपणी क्षुल्लक कारणाने हाडे वारंवार मोडली, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, दात ठिसूळ आहेत किंवा तरुणपणी ऐकू येईनासे झाले, तर कोलॅजेन या हाडांना चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांतील दोषाची शंका घेऊन जनुकीय सल्लागाराकडे जावे. तरुण पुरुषाचे मणके कारण नसताना दबले, किंवा अल्कलाइन फॉस्फटेज सतत फार कमी येते, तरीही जावे. अल्कलाइन फॉस्फटेज कमी असण्याच्या प्रकारात अस्थिविरळतेची नेहमीची औषधे अपाय करू शकतात, म्हणून उपचारांआधी निदान हवे.

कोणत्या वयात काय करावे

वारशाचे पारडे जड निघाले तर करायच्या गोष्टी बदलत नाहीत, त्या लवकर आणि अधिक नेमाने कराव्या लागतात. उंची सर्वांत वेगाने वाढते त्या काळाच्या मागेपुढे मिळून दोन वर्षांत प्रौढपणीच्या हाडांतील खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा साठतो. मुलींत ही वर्षे साधारण अकरा ते तेरा आणि मुलांत तेरा ते पंधरा. याच वर्षांत आपल्याकडे मुलींना मैदानावरून घरात आणले जाते आणि मुलांना शिकवणीला बसवले जाते, याहून वाईट वेळ निवडता आली नसती. अमेरिकेतील ओरेगनमध्ये शाळकरी मुलांनी आठवड्यातून तीनदा प्रत्येकी शंभर उड्या ६१ सेंटिमीटरच्या खोक्यावरून मारल्या, आणि सात महिन्यांत न मारणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या खुब्याच्या मानेतील खनिज साडेचार टक्के जास्त वाढले. घरी एवढ्या उंचीवरून उड्या मारायला लावू नयेत. दोरी, लगोरी, खो-खो पुरेत.

विशीत मिळालेली हाडांची कमाल पातळी दहा टक्क्यांनी अधिक असेल तर अस्थिविरळता सुमारे तेरा वर्षे पुढे जाईल, असा एक गणिती अंदाज आहे. म्हणून या वयात वजन घटवण्यासाठी जेवण तोडणे आणि पाळी अनियमित होईपर्यंत व्यायाम करणे टाळावे. गरोदरपणी पुण्याच्या गावांतील त्या मातांचे ताट आठवावे. पन्नाशीनंतर वजन उचलण्याचा व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली करावा. ऑस्ट्रेलियात कमी घनतेच्या, ५८ हून अधिक वयाच्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजने आणि उड्या असा व्यायाम आठ महिने केला, तेव्हा त्यांच्या कण्याची घनता सुमारे तीन टक्के वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून अधिक घटली. मणके आधीच दबलेले असतील तर पश्चिमोत्तानासन, हलासन यांसारखी कणा पुढे वाकवणारी आसने करू नयेत. पाठ मागे ताणणारे हलके व्यायाम शिकून घ्यावेत. आणि न्हाणीघरात पकडायला दांडी, घसरणार नाही अशी फरशी आणि रात्री दिवा यांची सोय घनतेचा आकडा येण्याचीही वाट न पाहता करावी.

ही वही मुलांना द्यावी, परदेशी असलेल्यांना तर आधी. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात तेथील उन्हातून ड जीवनसत्त्व बनतच नाही, आणि गडद त्वचेच्या माणसांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा असे तेथील आरोग्यसेवा सांगते. पुण्यात चालून गेलेला वारसा लंडनमध्ये चालेलच असे नाही, म्हणून लेकीच्या वहीत तिच्या नावापुढे आताच्या गावाचे नावही लिहावे.